शोधनिबंध सर्वांना खुले कसे आणि कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात संशोधन करणारे पुष्कळ आहेत, पण संशोधन वाचू पाहणारे त्यांच्याहून कितीतरी अधिक आहेत. दवाखाना चालवणारे डॉक्टर, निवृत्त शिक्षक, इतिहासाचे हौशी अभ्यासक, शेतात स्वतः प्रयोग करून पाहणारे शेतकरी यांतील बहुतेकांच्या हाती कोणत्याही विद्यापीठाचे लॉगिन नसते आणि त्यामुळे आपल्याला शोधनिबंध वाचता येणारच नाहीत, असे ते गृहीत धरतात. हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. ग्रंथालयाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे माझ्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

निबंध मोफत वाचता आला म्हणजे तो ‘मुक्त’ झाला का?

नाही, आणि हा फरक सुरुवातीलाच समजून घेतलेला बरा. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथून प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाची जी व्याख्या केली, तीत नुसते वाचणे नव्हे, तर उतरवून घेणे, प्रती काढणे, वाटणे, छापणे आणि शोधणे हे सगळे अंतर्भूत होते. प्रत्यक्षात मात्र अनेक प्रकाशक निबंध फक्त पडद्यावर वाचू देतात आणि बाकीचे हक्क स्वतःकडे ठेवतात. निबंधाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर परवान्याची एक ओळ असते, ती पाहण्याची सवय लावून घ्यावी. तेथे ‘सीसी बाय’ असे लिहिले असेल, तर मूळ लेखकाचा उल्लेख करून तुम्ही त्या निबंधाचा मराठी अनुवाद करू शकता, तो शाळेच्या वार्षिकात छापू शकता, त्यातील आकृती व्याख्यानात वापरू शकता. त्याच परवान्यात ‘एनडी’ ही अक्षरे असतील, तर निबंध जसाच्या तसा वाटता येतो, पण केलेला अनुवाद लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. मराठीत विज्ञान आणू पाहणाऱ्यांसाठी ही दोन अक्षरे फार महत्त्वाची आहेत.

एक निबंध वाचायला तीस-चाळीस डॉलर का मागतात? हे पैसे लेखकाला मिळतात का?

लेखकाला त्यातले काहीही मिळत नाही. संशोधनपत्रिकेत निबंध लिहिणाऱ्याला मानधन नसते आणि तो तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही सहसा नसते. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा सरकारी निधीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशांतून झालेला असतो, संशोधकाचा पगारही तिथूनच येतो आणि मग त्याच निबंधासाठी विद्यापीठाचे ग्रंथालय पुन्हा वर्गणी भरते. संपादन, मांडणी, सर्व्हर आणि निबंध कायम जपून ठेवण्याची व्यवस्था यांना खर्च येतो, हे खरे आहे. पण तो खर्च आणि आकारली जाणारी किंमत यांचा मेळ बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकाकडून घ्यायचे नसेल तर लेखकाकडून घ्यायचे, ही दुसरी रीत आता रूढ झाली आहे. ‘नेचर’ या पत्रिकेने २०२० च्या अखेरीस निबंध खुला करण्याचे शुल्क ९,५०० युरो जाहीर केले. भारतातील बहुतेक संशोधकांना ही रक्कम झेपणारी नाही, त्यामुळे वाचकासाठी उघडलेले दार लेखकासाठी बंद होते. दोघांकडूनही पैसे न घेणारी तिसरी रीत आपल्याकडे जुनी आहे. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बंगळुरूला स्थापन केलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने आपल्या पत्रिकांचे जुने-नवे अंक संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत.

हा प्रश्न इंटरनेटमुळे निर्माण झाला आहे का?

मुळीच नाही. परदेशी पत्रिका एकट्याला परवडत नाहीत, ही अडचण शंभर वर्षांपूर्वीही होती आणि तिच्यावरच्या एका चांगल्या उपायाचा संबंध थेट पुण्याशी आहे. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने गणिताच्या शिक्षकांनी आणि अभ्यासकांनी एकत्र येऊन जी संस्था काढली आणि जी पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणून ओळखली गेली, तिचा एक मुख्य हेतू सर्वांच्या वर्गणीतून गणिताच्या पत्रिका आणि पुस्तके मागवण्याचा होता. संस्थेचे ग्रंथालय फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि तेथून पत्रिका टपालाने गावोगावच्या सदस्यांकडे जात असत. याच संस्थेच्या पत्रिकेत १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला निबंध छापून आला. चार जणांत एक पत्रिका फिरवणे आणि ती सर्वांसाठी खुली करणे यांत मला तरी तत्त्वाचा काही फरक दिसत नाही. बदलली आहेत ती साधने.

किती जुने निबंध मोफत वाचता येतात?

अगदी पहिल्या अंकापासूनचे. लंडनच्या रॉयल सोसायटीची ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ ही पत्रिका मार्च १६६५ मध्ये सुरू झाली. सोसायटीने ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या पत्रिकांतील ७० वर्षांहून जुने सर्व निबंध कायमचे मोफत केले. प्रकाश आणि रंग यांविषयीचा न्यूटनचा १६७२ चा निबंध पुण्यात बसून मोबाइलवर वाचता येतो. २०११ मध्येच ‘जेस्टोर’ या पत्रिकांच्या ऑनलाइन संग्रहानेही अमेरिकेत १९२३ पूर्वी आणि इतरत्र १८७० पूर्वी प्रसिद्ध झालेले लेख सर्वांना खुले केले. शिवाय जेस्टोरवर मोफत खाते उघडले, तर नंतरच्या काळातील अनेक पत्रिकांतील लेखही दर ३० दिवसांत १०० पर्यंत पडद्यावर वाचता येतात.

वैद्यकाच्या इतिहासासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे ‘पबमेड सेंट्रल’ हे २००० साली सुरू झालेले भांडार अमोल आहे. पुण्याच्या माणसाला त्यात काय सापडते, याचे एक उदाहरण देतो. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या लशीविषयीचा त्यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या १२ जून १८९७ च्या अंकात आला आणि त्यानंतर दहाच दिवसांनी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. आपण शाळेत त्या वर्षाचा एकच धागा शिकतो. दुसरा धागा, म्हणजे त्याच महिन्यांत डॉक्टर मंडळी काय मोजत होती आणि कशाविषयी साशंक होती, तो या पानांत आहे. कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’चे १८६६ पासूनचे अंक त्याच भांडारात आहेत. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे प्रयोगांनी दाखवणारे भारतातील प्लेग संशोधनाचे अहवाल १९०६ पासून ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये आले आणि तेही तेथे मोफत आहेत. स्कॅन केलेले पान उघडले की कडेने तपकिरी झालेला कागद, मागच्या पानावरून उमटलेली शाई आणि बारीक खिळ्यांतली मृत्यूंची कोष्टके समोर येतात. ती कोष्टके वाचताना आकड्यांमागच्या पेठा डोळ्यांसमोर उभ्या राहतात.

प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांसाठी ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ पाहावी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८६ पासून निघणाऱ्या पत्रिकेचे खंड तेथे आहेत आणि सह्याद्रीवर काम करणाऱ्याला ते टाळता येणार नाहीत.

शोधले तरी जुना मजकूर सापडत नाही, असे का होते?

बहुतेक वेळा मजकूर तेथे असतो, चुकतो तो आपला शब्द. जुन्या कागदपत्रांत पुणे हे ‘पूना’ आहे आणि खडकी ही ‘किर्की’ आहे, तेव्हा इंग्रजांच्या काळातील स्पेलिंग वापरून पुन्हा शोधावे. रोगांची आणि वनस्पतींची नावेही बदलली आहेत. क्षयरोगासाठी आजचा शब्द देऊन काही मिळाले नाही, तर त्या काळी रूढ असलेला ‘थायसिस’ देऊन पाहावा. अठराव्या शतकातील छपाईत आणखी एक अडचण आहे. तेव्हाचे लांबट ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसते आणि अक्षरे ओळखणारा संगणक तिथे हमखास फसतो. अशा वेळी शब्दाने शोधण्याऐवजी खंड, वर्ष आणि पृष्ठ यांवरून थेट पानावर जावे.

नवा निबंध हवा आहे, पण पडद्यावर पैसे मागितले जातात. आता काय करावे?

पैसे भरण्याआधी निदान दहा मिनिटे द्यावीत. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेला पतीच्या आजारावरील एक निबंध हवा होता आणि कार्ड हातात घेऊन त्या संगणकासमोर बसल्या होत्या. निबंधाचे शीर्षक अवतरणचिन्हांत घालून ‘गूगल स्कॉलर’ या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावर टाकले आणि खाली येणाऱ्या ‘सर्व आवृत्त्या’ या दुव्यावर टिचकी मारली, तर लेखकाच्या विद्यापीठाने आपल्या भांडारात ठेवलेली प्रत तिसऱ्याच ओळीत होती. मांडणी साधी, दोन स्तंभांऐवजी एक, पण मजकूर तोच.

हेच काम आपोआप करणारे ‘अनपेवॉल’ नावाचे एक मोफत जोडसाधन ब्राउझरमध्ये बसवता येते. निबंधाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल, तर पानाच्या कडेला हिरवे कुलूप उघडलेले दिसते. त्यासाठी निबंधाचा ‘डीओआय’ क्रमांक, म्हणजे दहाच्या आकड्याने सुरू होणारी त्याची कायमची ओळख, हाताशी ठेवावी. एवढे करूनही प्रत मिळाली नाही, तर लेखकाला पत्र लिहावे. निबंधाच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहाराचा ईमेल दिलेला असतो. आपण कोण, निबंध कशासाठी हवा, हे चार ओळींत नम्रपणे लिहिले की पुष्कळ संशोधक आनंदाने प्रत पाठवतात. आपले काम कोणीतरी पुण्याहून मागून वाचत आहे, याचे त्यांना खरोखरच अप्रूप असते.

प्रीप्रिंटवर विश्वास ठेवावा का?

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांकडून तपासला जाण्यापूर्वी लेखकाने स्वतः खुला केलेला निबंध. पॉल गिन्स्पार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये सुरू केलेले ‘आर्काइव्ह’ हे भौतिकशास्त्र आणि गणिताचे भांडार या पद्धतीचे मूळ आहे. आयुका किंवा एनसीआरए या पुण्यातील संस्थांमधल्या खगोलशास्त्रज्ञांचे काम वाचायचे असेल, खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीने काय पाहिले हे समजून घ्यायचे असेल, तर प्रथम तेथेच जावे. ग्रिगोरी पेरेलमान यांनी प्वांकारे अटकळीची सिद्धता २००२-०३ मध्ये केवळ तेथे ठेवली, कोणत्याही पत्रिकेकडे कधी पाठवली नाही आणि तरीही जगभरच्या गणितज्ञांनी ती तपासून मान्य केली. याउलट २०२० च्या सुरुवातीला करोना विषाणूत एचआयव्हीशी साम्य असणारे तुकडे असल्याचा दावा करणारा एक प्रीप्रिंट तीव्र आक्षेपांनंतर काही दिवसांतच लेखकांनी मागे घेतला, पण तोवर त्याच्या बातम्या घरोघरी पोचल्या होत्या. तेव्हा प्रीप्रिंट जरूर वाचावा, पण औषधोपचाराचा निर्णय त्यावर घेऊ नये आणि तो व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना निबंध अद्याप तपासला गेलेला नाही, हे त्यासोबत लिहावे.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून मला निबंध वाचता येतील का?

तुम्ही कोणत्या संस्थेत आहात, यावर ते अवलंबून आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेत २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांतील जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक यांना उपलब्ध होतात. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र हे काम सांभाळते. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला एनसीएल किंवा आयसर पुणे अशा मोठ्या संशोधन संस्थांतील विद्यार्थ्याच्या बरोबरीने पत्रिका मिळणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो.

परंतु ही सामूहिक वर्गणी आहे, मुक्त प्रवेश नव्हे. पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी, निवृत्त झालेला प्राध्यापक, मंचरला दवाखाना चालवणारा डॉक्टर हे सगळे या कुंपणाबाहेर राहतात, जरी तिजोरीत त्यांचाही कर गेलेला असला तरी. चाळीस वर्षे ज्या पत्रिका हाताळल्या, त्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी उघडेनाशा झाल्या, असे मला एका प्राध्यापकांनी सांगितले तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता. ज्ञानाची गरज वयाच्या साठाव्या वर्षी संपत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्व नागरिकांना या पत्रिका वाचता याव्यात, अशी मागणी आपण सर्वांनी लावून धरायला हवी.

पुण्यातील संस्थांचे साहित्य मोफत मिळते का?

बरेचसे मिळते. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यात आले आणि म्हणूनच शिवाजीनगरजवळच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. या खात्याची १९५० पासून निघणारी आणि आता ‘मौसम’ या नावाने ओळखली जाणारी पत्रिका मोफत वाचता येते. मॉन्सूनवर लिहिणाऱ्या पत्रकारांनी ती नियमित चाळावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची ‘अ‍ॅनल्स’ आणि डेक्कन कॉलेजची १९३९ पासूनची ‘बुलेटिन’ या दोन्ही जेस्टोरवर आहेत. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने टिपलेले करोना विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्र २०२० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती पत्रिकाही सर्वांना खुली आहे.

पीएच.डी.चे प्रबंध कुठे मिळतात?

इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या भांडारात. तेथे मराठी भाषेतील प्रबंधही आहेत आणि ते वाचायला लॉगिन लागत नाही.

‘साय-हब’ वापरावे का?

विद्यार्थी हा प्रश्न हळू आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने उत्तर देतो. ‘साय-हब’ हे प्रकाशकांच्या परवानगीवाचून शोधनिबंध मोफत देणारे संकेतस्थळ आहे. एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये या संकेतस्थळाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. त्यामागची वाचकांची निकड खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. तरीही मी कोणाला तो मार्ग सुचवत नाही, कारण वर सांगितलेले कायदेशीर मार्ग आधी नीट वापरून पाहणारा वाचक फार क्वचित रिकाम्या हाताने परततो.

प्रताधिकार किती वर्षे असतो? झेरॉक्स काढणे गुन्हा आहे का?

१९५७ च्या कायद्यानुसार भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील प्रताधिकार त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो आणि ही मुदत पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे निधन २९ जून १९६६ रोजी पुण्यात झाले, म्हणजे त्यांच्या त्या लेखनावरील मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. इरावती कर्वे १९७० मध्ये गेल्या, त्यांच्याबाबतीत ती २०३० च्या अखेरीपर्यंत धरावी. सरकारी प्रकाशनांसाठी प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजतात. इतर देशांत नियम वेगळे आहेत.

स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी निबंधाची प्रत काढण्यास याच कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाव दिला आहे. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानाच्या गाजलेल्या खटल्यात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठी काढलेल्या प्रतींच्या बाजूने निर्णय दिला. विकण्यासाठी प्रती काढणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

मोफत पत्रिका म्हणजे हलक्या दर्जाची, हे खरे आहे का?

दर्जा किमतीवरून ठरत नाही. पैसे घेऊन, न तपासता काहीही छापणाऱ्या पत्रिका मात्र खरोखरच आहेत आणि त्यांनी मुक्त प्रवेशाचे नाव खराब केले आहे. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ‘केअर’ ही विश्वासार्ह पत्रिकांची यादी ठेवणारी व्यवस्था सुरू केली आणि तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करावी लागते. ‘डोआज’ या मुक्त पत्रिकांच्या सूचीत पत्रिका आहे का, संपादक मंडळातील माणसे आपल्या संस्थेच्या पानावर तो उल्लेख करतात का, आठवड्याभरात छापून देण्याचे आश्वासन दिले जाते का, एवढे पाहिले तरी बहुतेक खोटी नाणी ओळखू येतात.

मी संशोधक आहे. माझे जुने निबंध खुले कसे करू?

प्रकाशकाने मांडणी केलेली अंतिम पीडीएफ सहसा ठेवता येत नाही, पण तज्ज्ञांच्या सूचनांनंतर तुम्ही स्वीकृतीसाठी पाठवलेली शेवटची प्रत बहुतेक प्रकाशक संस्थेच्या भांडारात ठेवू देतात, काही वेळा ठरावीक महिन्यांनंतर. म्हणून ती प्रत जपून ठेवा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचे डिसेंबर २०१४ चे धोरणही हेच सांगते. यापुढे प्रकाशकाच्या करारावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा.

सगळे ऑनलाइन असेल, तर ग्रंथालयात जाण्याची गरज उरते का?

उरते. जुन्या खंडांत घडी घालून चिकटवलेले नकाशे आणि आलेख असतात आणि घाईघाईने झालेल्या स्कॅनिंगमध्ये ते पुष्कळदा घडी न उलगडताच टिपले जातात. पडद्यावर दिसते ती पांढऱ्या कागदाची एक पट्टी आणि नकाशाचा कोपरा. असे पान भेटले, तर खंड आणि पृष्ठ क्रमांक टिपून घ्यावा, जयकर ग्रंथालय किंवा गोखले संस्था अशा जुन्या ग्रंथालयांकडे तो बांधीव खंड आहे का आणि बाहेरच्या वाचकाला तो कोणत्या अटींवर पाहता येईल, हे आधी फोनवर विचारावे आणि ओळखपत्र बरोबर घेऊन जावे. खंड टेबलावर सपाट ठेवावा, घडी दोन्ही हातांनी आणि मुडपलेल्या दिशेनेच उलगडावी, कारण शंभर वर्षांचा कागद घडीवरच तुटतो.